जैसलमेर ते डिचोली: शेवटचे पाचशे किलोमीटर आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचं डिचोलीचं कुटुंब, नोकरीमुळे तीन वर्षं जैसलमेरला. आता बदली गोव्यात झाली आहे. आई-वडील सध्या तिकडेच आलेले, सोबत आठ वर्षांची मुलगी. गाडी स्वतःची, सात-आसनी, पेट्रोलवरची, पाच वर्षं जुनी. 20 डिसेंबरला निघून आठवड्याभरात घरी पोचायचं, आणि वाटेत कोकणचा किनारा बघायचा. विचारलंय की रस्ता कोणता घ्यावा आणि रोज किती किलोमीटर धरावेत. कोल्हापूरवरून यावं का, हेही विचारलंय.

मी फोंड्याचा. प्रवासी गाड्यांचा धंदा आहे आणि उत्तरेकडून लोकांच्या गाड्या गोव्यात आणून देण्याचं कामही करतो. या रस्त्याबद्दल उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ भेटतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या शंकेचं उत्तर. किलोमीटर धरूच नका, तास धरा. बाडमेरच्या बाजूला दिवसाउजेडी ताशी 65-70 ची सरासरी आरामात पडते. अहमदाबाद ते सुरत ट्रकांमधून वाट काढत 55-60. मुंबई-गोवा महामार्गावर 40-45 मिळाले तरी खूप झालं. आणि रत्नागिरीच्या खाली सागरी मार्गाला लागलात की 25-30, कारण तिथे वळणं आहेत, खाड्या आहेत, गावातून जाणारा अरुंद रस्ता आहे आणि समोरून एसटी आली की कुणीतरी एकाने मागे घ्यायचं असतं. जैसलमेर ते डिचोली सरळ आलात तर साधारण 1,600 ते 1,700 किलोमीटर होतात. लोक त्याला सातने भागतात, रोजचे अडीचशे काढतात आणि निवांत होतात. तो भागाकार पहिल्याच दिवशी मोडतो. वाळवंटातला रस्ता मोकळा म्हणून लवकर मुक्काम करून लोक बसून राहतात, आणि ज्या किनाऱ्यासाठी एवढं केलं तो शेवटच्या दोन दिवसांत अंधारातून पळवत न्यावा लागतो.

म्हणून कागदावर प्लॅन डिचोलीकडून उलटा लिहा. जैसलमेर ते पनवेल हे जवळजवळ 1,100 किलोमीटर तीन दिवसांत संपवा आणि पनवेलच्या खालच्या पाचशे-सव्वापाचशेंना चार दिवस द्या. ऐकायला उलटं वाटेल, पण आई-वडील आणि लहान मूल बरोबर असताना हाच हिशेब बसतो.

तारखेबद्दल स्पष्टच बोलतो. 20 डिसेंबरला निघालात तर मालवण-तारकर्ली पट्ट्यात तुम्ही बरोबर नाताळाच्या सुट्टीत उतरता. तेव्हा खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून परत गाडीत बसावंसं वाटतं. गोव्यात तुमचं घर आहे, त्यामुळे हॉटेलची चिंता नाही, पण पेडणे ते पर्वरी तुंबलेल्या रस्त्याला घरचे आणि बाहेरचे सारखेच. ऑफिस ऐकत असेल तर 5 जानेवारीनंतर निघा. थंडी असते, कोकणात आकाश स्वच्छ असतं, देवगडला आंब्याला मोहोर धरू लागलेला असतो. 14-15 जानेवारीला गुजरातेत उत्तरायण असतं, त्या दोन दिवसांत अहमदाबाद-सुरत शहरांत शिरू नका, बाहेरून जा. डिसेंबर-जानेवारीत राजस्थान आणि उत्तर गुजरातेत पहाटे धुकं पडतं, तेव्हा पहाटे चारला निघण्याचा आपला मुंबईकर हट्ट तिथे सोडा. सूर्य वर आला की निघा, अंधार पडायच्या आत थांबा. बाडमेर भागात रात्री रस्त्यावर गाई, नीलगाई, कधी उंटसुद्धा बसलेले असतात. उंटाचे पाय लांब आणि धड उंच असल्यामुळे हेडलाइटच्या झोतात तो उशिरा दिसतो, आणि धडक बसलीच तर अख्खं धड काचेवर येतं.

आता रस्ता. जैसलमेरहून दोन वाटा आहेत. एक पोखरण, जोधपूर, उदयपूर, शामळाजी, अहमदाबाद. दुसरी बाडमेर, सांचोर, धानेरा, डीसा. पहिली दोन-अडीचशे किलोमीटरने लांब. जोधपूर-उदयपूर बघायचं राहिलं असेल तरच ती घ्या, पण तीन वर्षं तिथे राहिलात म्हणजे बघून झालं असेल असं धरतो. तुमच्यासाठी बाडमेरची वाट. पहिल्या दिवशी डीसा किंवा पाटणला मुक्काम, सात-आठ तासांचं काम. वाटेत पेट्रोल पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी बघून घ्या, पण पूर्ण भरू नका. राजस्थानात पेट्रोल महाग, गुजरातेत बरंच स्वस्त, महाराष्ट्रात पुन्हा महाग, गोव्यात पुन्हा कमी. हा चढउतार लक्षात ठेवून भरत आलात तर सातशे-आठशे रुपये सहज वाचतात. गुजरातेत शिरल्यावर भरा, वापीला महाराष्ट्रात शिरण्याआधी तोंडापर्यंत भरा, मग मालवणच्या आसपास घरी पोचण्यापुरतं टाका.

राजस्थानातून कुणी भेट दिलेली बाटली डिकीत असेल तर निघण्याआधी तिथेच देऊन टाका. गुजरातेत 1960 साली राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे आणि सीमेवर बाहेरच्या नंबरची, सामानाने भरलेली गाडी तपासायला थांबवली जाऊ शकते. आपण फक्त पार होतोय हे कारण तिथे चालत नाही. वाटेत दमणला मुक्काम केलात तरी तोच नियम, कारण दमणमधून बाहेर पडलं की पुन्हा गुजरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणची राणी की वाव बघूनच पुढे जा. अकराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर, 2014 पासून जागतिक वारसा यादीत. मुलीच्या हातात आधी शंभराची जांभळी नोट द्या आणि मागच्या बाजूचं चित्र बघायला सांगा, मग आत न्या. पायऱ्या खोल आणि उंच आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर पहिल्या टप्प्यावरून दिसतं ते पुरेसं आहे. वाटेवर मोढेऱ्याचं सूर्यमंदिर आहे, तिथे चालायला सपाट जागा आहे, वडीलधाऱ्यांना तेच जास्त आवडतं. त्यानंतर मात्र अहमदाबादमध्ये शिरायचं नाही. रिंग रोडने फिरून वडोदऱ्याचा एक्स्प्रेस वे पकडा, 93 किलोमीटर एका दमात जातात. संध्याकाळी भरूचला थांबा. बाबांना साखरेचा त्रास असेल तर गुजराती जेवणात डाळ-कढीसुद्धा गोड असते, आधी सांगून ठेवा.

तिसरा दिवस मुंबई पार करण्याचा. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. भरूचहून सकाळी सहाला निघालात तर साडेअकरा-बाराच्या सुमाराला मनोरला येता आणि घोडबंदर रस्ता दुपारी मिळतो. सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्यावर जाण्यापेक्षा मनोरला जेवून झोप काढलेली बरी. मनोरहून वाडा-भिवंडीचा शॉर्टकट नकाशा दाखवेल, तो घेऊ नका. खड्ड्यांमध्ये वाचवलेला अर्धा तास जातो आणि वर कंबर जाते. तिसरा दिवस रविवार येत असेल तर आणखी एक चांगली वाट आहे: दहिसरहून सरळ मुंबईत शिरा, शिवडीहून अटल सेतू घ्या आणि चिर्ल्याला उतरून पनवेलकडे या. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही. सेतूचा टोल वेगळा पडतो, पण जवळजवळ 22 किलोमीटरचा तो पूल आई-बाबांना गाडीत बसल्या बसल्या समुद्र दाखवतो. मुक्काम पनवेल किंवा पेणला.

टोलचं आलंच आहे तर तेही. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, सुरुवातीला 3,000 रुपयांना, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवर तो चालतो, राज्यांच्या ताब्यातल्या रस्त्यांवर आणि अटल सेतूवर चालत नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. त्यामुळे पास काढलात तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा. पुढे वर्षभर गोव्यात राहून कोल्हापूर-पुण्याला ये-जा असेल तरच पास परवडतो, एका प्रवासासाठी काढायची गरज नाही.

पनवेलनंतरचा भाग मी जरा जास्त लिहिणार आहे.

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे आताचा 66 नंबर आणि जुन्या लोकांच्या तोंडचा 17 नंबर, 2011 पासून चौपदरी होतोय. बराच भाग आता चांगला आहे, कशेडीचा घाट बोगद्यामुळे काही मिनिटांवर आलाय, आणि राजापूरच्या खाली गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत रस्ता असा आहे की पाय आपोआप जड होतो. पण मधल्या आरवली ते हातखंबा पट्ट्याने वर्षानुवर्षं लोकांचा जीव काढलाय. वळणरस्ते, धूळ, अर्धवट पूल, आणि रात्री त्यातच खासगी बसवाल्यांची शर्यत. मी कुटुंब घेऊन येणाऱ्यांना हा पट्टा टाळायला सांगतो, आणि टाळण्याची वाटच नेमकी सगळ्यात देखणी आहे.

चौथ्या दिवशी पेणहून सकाळी निघून माणगाव, महाड, खेड करत चिपळूणला या. माणगावात शनिवार-रविवारी रांग लागते, तेव्हा तिथून नऊच्या आत बाहेर पडा. महाडला सावित्रीवरचा पूल लागेल. जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, हा त्यानंतर वर्षाच्या आत बांधलेला. परशुराम घाट उतरून चिपळूणला जेवण, आणि मग महामार्ग सोडून उजवीकडे गुहागर. तासा-सव्वा तासात समुद्र. मुक्काम तिथेच. गुहागरला वाड्यांमधून घरगुती राहण्याची सोय होते, सुरूच्या बनापलीकडे किनारा लांबच लांब आणि मोकळा. वाळवंटातून आलेल्या मुलीला पहिला समुद्र इथे दाखवा, कलंगुटला नको.

पाचव्या दिवशी गुहागरहून हेदवी करत तवसाळच्या धक्क्यावर उतरा. शास्त्री नदीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड अशी फेरीबोट चालते, गाड्या घेते. आदल्या संध्याकाळी जिथे राहाल त्यांना फेरीची वेळ विचारून ठेवा आणि अर्धा तास आधी धक्क्यावर असा. गाडी बोटीत चढवताना बायको, मुलगी, आई-बाबा यांना आधी उतरवा. लोखंडी फळीवर गाडी घासते ती मागच्या बाजूला, आणि सामानाने दबलेली सात-आसनी हमखास घासते. पहिल्या गिअरमध्ये, किंचित तिरकी, ब्रेकवर पाय न नाचवता चढवा, खलाशी हाताने दाखवतो त्याच्याकडेच बघा. पलीकडे जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारे. आरे-वारेला रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि खाली दोन किनारे एकदम दिसतात. तिथे सगळे वळणावरच गाडी थांबवून फोटो काढतात. तुम्ही वर टेकाडावर, रस्ता सोडून थांबा. रत्नागिरीला मुक्काम.

सहावा दिवस या प्रवासाचा मुकुट. पावस, पूर्णगड, जैतापूर, पुढे देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. अंतर दोनशेच्या आत, पण पूर्ण दिवस द्या. इथे नकाशाचा आवाज बंद करून गावातल्या माणसाला विचारत चला. नकाशा तुम्हाला सारखा वर महामार्गाकडे ओढतो, कारण त्याला वेळ वाचवायचा असतो. एखादी खाडी लागली, पूल दिसला नाही, तर तिठ्यावर थांबून विचारायचं. कोकणातला माणूस रस्ता सांगताना आधी तुमचं गाव विचारतो. डिचोली म्हटलंत की पाच मिनिटं जास्त जातात, तेवढी धरून चला. मुक्काम तारकर्लीला करण्याचा आग्रह सगळे धरतात, मी आचरा-तोंडवळी बाजूला राहायला सांगतो. तोच समुद्र, माणसं कमी. 1664 साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला बघायचा असेल तर सातव्या दिवशी सकाळची पहिली होडी पकडा. होडीत चढताना-उतरताना हात धरायला माणूस लागतो, आईंना किनाऱ्यावर ठेवण्याची तयारी असू द्या.

सातव्या दिवशी परुळे, वेंगुर्ला, शिरोडा. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं रस्त्यावरून दिसतात. पुढे रेडी, आणि रेडीनंतर तेरेखोल. हा किल्ला गोव्याचा, पण नदीच्या उत्तरेला, त्यामुळे जमिनीवरून तिथे जायचं तर महाराष्ट्रातूनच जावं लागतं. तुम्ही नेमके त्याच बाजूने येताय. किल्ल्यावरून समोर केरीचा किनारा दिसतो आणि खालून फेरीबोट केरीला जाते. भरती-ओहोटीप्रमाणे ती अधूनमधून बंद असते, ओहोटी असेल तर वाट बघत बसू नका, मागे फिरून सातार्डा-न्हयबागवरून पेडण्यात शिरा. फेरी मिळाली तर केरी, हरमल, मोरजी, चोपडे, शिवोली, म्हापसा, अस्नोडा आणि घर. संध्याकाळी पाचनंतर हरमल ते शिवोली टाळा.

कोल्हापूरचं विचारलंय त्याबद्दल दोन ओळी. पुणे, कोल्हापूर, मग आजरा-आंबोली किंवा बेळगाव-चोर्ला अशी वाट आहे, आणि घाईच असेल तर डिचोलीला चोर्ला सगळ्यात जवळचा. वडिलांची तब्येत बिघडली, गाडीने त्रास दिला, तर पनवेलहून बिनधास्त हीच वाट घ्या, दीड दिवसात घरी. फक्त घाट अंधारात नको. आंबोलीत संध्याकाळनंतर धुकं उतरतं आणि गवे रस्त्यावर येतात.

गाडीबद्दल. वाळवंटातली गाडी बाहेरून चांगली दिसते, कारण तिथे गंज चढत नाही. बिघाड रबरात असतो. वायपरचं पातं बोटाने दाबून बघा. तीन वर्षं उन्हात वाळून ते सुपारीसारखं कडक झालेलं असेल. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नीट पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कोकणातल्या पहाटेच्या दवात ते काचेवर फक्त रेघा ओढतं. निघण्याआधी बदला. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा, 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. पाच वर्षं उलटलेला आणि बाजूला केसाएवढ्या चिरा पडलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. हवा सकाळी टायर थंड असताना, भरल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर दोन्ही नवे टाका, रेडिएटरमध्ये साधं पाणी घातलेलं असेल तर काढून कूलंट भरून घ्या.

घरचं सामान गाडीच्या टपावर बांधून आणायचा विचार असेल तर तो सोडा. फर्निचर, भांडी ट्रान्सपोर्टने पाठवा. पाच माणसं आणि वर भरलेलं कॅरिअर घेऊन घाटात गाडी वळणाला झोके खाते आणि ब्रेक तापतात. घाट उतरताना चढायला लागला असता तोच गिअर ठेवा.

आणि घरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती वाळूने बुजलेली असतील. तारेने मोकळी करा, पायपुसण्यांखालचं सगळं काढून धुवा, खालून प्रेशरने वाळू काढा, वाळवा, आणि मगच गंजरोधक लेप मारून घ्या. वाळू अडकलेली असताना लेप मारला तर आत ओल धरून एका पावसाळ्यात पत्रा खातो. किनाऱ्यावरच्या वाळूत मात्र गाडी घालू नका, जैसलमेरजवळच्या सॅम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप चालवली असली तरी. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणं बेकायदा आहे, पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि भरतीला गाडी बाहेर काढणारा ट्रॅक्टरवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो.

राहिला राजस्थानचा नंबर. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. तुमची बदली कायमची आहे, म्हणजे हे करावंच लागणार. त्यासाठी जैसलमेरच्या आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि थकलेली ई-चलनं आधी भरलेली हवीत. गोव्यात आल्यावर 27 नंबरच्या फॉर्मने अर्ज करून इथला रस्ता कर भरायचा, आणि मग राजस्थानात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागासाठी तिकडे परताव्याचा अर्ज. बीएच मालिकेचा, म्हणजे बदलीच्या नोकरीवाल्यांना मिळणारा, सगळ्या राज्यांत चालणारा नंबर असेल तर यातलं बरंचसं वाचतं. दाखल्याचा अर्ज निघण्याच्या महिनाभर आधी टाका. परतावा मात्र गोव्यात नंबर पडल्यानंतरच मागता येतो, म्हणून जैसलमेरला भरलेल्या कराच्या मूळ पावत्या ट्रान्सपोर्टच्या खोक्यात न घालता स्वतःच्या बॅगेत ठेवा.